बालगंधर्वही ऐकणारा, मेटलही ऐकणारा कुठे भेटेल?

प्रश्न: नाट्यसंगीत, कव्वाली, हेवी मेटल, आफ्रिकेतल्या मालीची वाळवंटी गिटार असं सगळं मी ऐकतो. ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या लास्ट एफएम या साइटवर खातं उघडून दोन महिने झाले, पण तिथे आवड जुळणारे ‘शेजारी’ म्हणून दिसतात ते फक्त मेटलवाले. असं का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: गफलत मोजणीत आहे. गाणं ३० सेकंदांहून मोठं असलं आणि निम्मं किंवा ४ मिनिटं, यातलं आधी होईल तेवढं वाजलं, की एक नोंद पडते. म्हणजे २५ मिनिटांच्या कव्वालीची नोंद एक, आणि तेवढ्याच वेळात मेटलच्या पाच-सहा! आकड्यांत तुमची कव्वाली दिसणार कशी?

दुसरी अडचण नावांची, आणि आपल्याकडच्या संगीताला ती फार छळते. ‘बालगंधर्व’ एका शब्दात, ‘बाल गंधर्व’ दोन शब्दांत, शिवाय रोमन लिपीत: यंत्राच्या लेखी हे बहुधा तीन निराळे गायक. यूट्यूबवरून ऐकलंत तर कधी कधी चॅनेलचंच नाव कलाकार म्हणून चढतं. कॉम्प्युटरवर ‘वेब स्क्रॉबलर’ हे ऐकलेलं लास्ट एफएमला कळवणारं ब्राउझरचं एक्स्टेंशन घाला. गाणं वाजत असतानाच त्याचं चिन्ह दाबून कलाकाराचं नाव सुधारा; त्या व्हिडिओपुरतं ते पुढेही लक्षात ठेवतं. अँड्रॉइडवर याच कामाला ‘पॅनो स्क्रॉबलर’ आहे. स्पॉटिफाय जोडायचं तर लास्ट एफएमच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्लिकेशन्स’मधून जोडा. नोंदी जोडल्यापासूनच्याच येतात, मागचं काही येत नाही.

आणि माणसं शोधताना दुर्मीळ आवडीवरून शोधा. रहमान कोण ऐकत नाही? त्यावरून काहीच कळत नाही. मालीतला एखादा अल्बम बँडकँप या संगीत विकणाऱ्या साइटवर उघडा. तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं पानावर असतात; एकेक दाबलं की त्या माणसाचा अख्खा संग्रह दिसतो. त्यात कव्वालीही सापडली, तर तोच तुमचा माणूस. बिनधास्त लिहा त्याला, पण नुसतं ‘हाय’ नको. कुठलं गाणं, का आवडलं, ते लिहा.

प्रश्न: आम्हा सात जणांच्या ग्रुपवर लिंकांचा नुसता पाऊस पडतो, ऐकत कुणीच नाही.
– एक वाचक, परळ

उत्तर: स्पॉटिफायचं ‘ब्लेंड’ १० जणांपर्यंत चालतं, पण ते प्रत्येकाच्या ऐकण्यावरून आपणच यादी बनवतं. घरातल्या पोराची बडबडगीतं तुमच्या खात्यावर वाजत असतील तर तीही तिच्यात डोकावतात. बडबडगीतांच्या प्लेलिस्टच्या तीन टिंबांत ‘एक्सक्लूड फ्रॉम युवर टेस्ट प्रोफाइल’ आहे, ते आधी निवडा.

तुम्हाला सामायिक प्लेलिस्ट बरी पडेल, कारण कुणी काय टाकलं ते नावानिशी दिसतं. आठवड्याला एकाचीच पाळी, दोनच रचना, आणि सोबत एक ओळ: ‘बाराव्या मिनिटाला तबला दुगुणीत जातो, तिथून ऐका.’ एवढ्यावर माणूस लोकलमध्येही कान लावतो. महिन्यातून एकदा एनसीपीए किंवा दादर-माटुंगा कल्चरल सेंटरची मैफल एकत्र ऐका, आणि तिथे मेटलवाल्याला पुढच्या रांगेत बसवा.