अर्थ लावून पाठ केलेला शब्द का टिकतो?

प्रश्न : लेकरू आठवीत, सेमीला आहे. ‘ट्रान्स्पिरेशन’ (बाष्पोत्सर्जन), ‘ऑस्मोसिस’ (परासरण) असले शब्द व्याख्येसकट वीस-वीस वेळा लिहून काढते. संध्याकाळी विचारलं की धडाधडा सांगते, आठवड्यानं पाटी कोरी. समजून पाठ केलं तर मेंदूत खरंच काही वेगळं घडतं का?
— एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : घडतं. वीसदा लिहिताना हात चालतो, आवाज डोक्यात घोळतो, अर्थाकडे मात्र लक्ष जातच नाही. १९९८ साली अमेरिकेत लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून शब्द दाखवले. काही वेळा अक्षरं मोठी की लहान एवढंच सांगायचं, काही वेळा अर्थावर विचार करून उत्तर द्यायचं. अर्थ लावताना डाव्या कपाळामागचा भाग आणि हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला नव्या आठवणी घडवणारा भाग) लागून असलेला भाग जास्त कामाला लागला, आणि नंतर तेच शब्द जास्त ओळखता आले. हिप्पोकॅम्पस नव्या शब्दाची आधीच्या माहितीशी गाठ घालतो. गाठ घालायला माहितीच नसली, तर उरते नुसती घोकंपट्टी.

म्हणून ‘ट्रान्स्पिरेशन’, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणं, आधी शेतात दाखवा. दहाच्या सुमारास, दव पूर्ण वाळल्यावर, कपाशीच्या आठ-दहा पानांच्या फांदीवर कोरडी पारदर्शक पन्नी चढवून तोंड सुतळीनं घट्ट बांधा. शेजारी तशीच पन्नी वाळक्या काडीला बांधा. तास-दोन तासांत पहिलीत आतून थेंब धरतात, दुसरीत नाही; म्हणजे पाणी पानांतून आलं. पानं ओली असताना बांधली तर काहीच सिद्ध होत नाही, आणि दुपारभर पन्नी राहिली तर पानं करपतात. ‘हे पाणी आलं कुठून?’ याचं उत्तर लेकराच्याच शब्दांत येऊ द्या. इंग्रजी शब्द आणि व्याख्या त्यानंतर.

दिवसाला तीन-चारच नवे शब्द घ्या. पुस्तक मिटून अर्थ आणि एक उदाहरण लिहायला लावा, मगच ताडून पाहा. हेच दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं. आठवायला जड जातं तेव्हा पोरं चटकन पुस्तक उघडतात. तिथं थोडं थांबवा, कारण स्मरण पक्कं होतं ते त्याच धडपडीत. पुन्हा-पुन्हा वाचलेलं त्याच दिवशी छान आठवतं, म्हणून संध्याकाळच्या उत्तरांवर विसंबू नका.

बाष्पीभवन आणि बाष्पोत्सर्जन एकाच दिवशी शिकवू नका, हमखास घोळ होतो. एक पक्कं झालं की दुसरं घ्या. मग विचारा : अंगणात वाळत घातलेल्या धोतरातलं पाणी कशानं गेलं, आणि कपाशीच्या पानातलं कशानं?