तुमचे प्रश्न : कॅनडातले रीट, पंधरा वर्षांसाठी

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मूळचे नाशिकचे, 2014 पासून मिसिसागात आहोत. वयं 41 आणि 39. स्वतःचं टाउनहाउस आहे, त्याचं मॉर्गेज चालू आहे. भाड्याने द्यायला काँडो घ्यायचा बेत सोडून दिला आणि टोरांटो शेअर बाजारातले रीट, म्हणजे भाड्याच्या इमारतींचे मालक असलेले ट्रस्ट, घ्यायचं ठरवलं. रायोकॅन, कॅपरीट आणि ग्रॅनाइट यांचा तक्ता केलाय : पीई (नफ्याच्या किती पट भाव), वाटपाचा टक्का (भावाच्या किती टक्के रोख दर वर्षी हातात येते) आणि पाच वर्षांतला भाव. मित्र म्हणतो, टक्का सगळ्यात जास्त असेल तो घे. 15 वर्षं हात लावायचा नाही. कोणता घेऊ?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : तक्ता मन लावून केलाय हे दिसतंय. पण त्यातला पीईचा रकाना आधी खोडा. कॅनडात रीट आपल्या इमारतींची किंमत दर तिमाहीला बाजारभावाने मांडतात, आणि त्या किमतीतली वाढ-घट सरळ नफ्यात धरली जाते. त्यामुळे इमारतींचे भाव चढले की भाडं तेवढंच असूनही नफा फुगतो आणि पीई स्वस्त दिसतो. भाव उतरले की तोच रीट तोट्यात दिसतो. मी 22 वर्षं टोरांटोत भाडेकरारांचे हिशेब तपासले. घरमालकाच्या हातात खरं काय उरतं ते एकाच आकड्यात कळतं : भाड्यातून खर्च, व्याज आणि छप्पर, लिफ्ट, बॉयलर यांची नेहमीची दुरुस्ती वजा जाता राहिलेली रोकड. अहवालात ती ‘एएफएफओ’ या नावाने असते. युनिटची (रीटच्या शेअरची) किंमत तिच्याशी ताडून बघा आणि वाटप तिच्या किती टक्के आहे तेही बघा. शंभराच्या जवळ असेल तर एक मोठा भाडेकरू गेला तरी वाटपाला कात्री लागते.

मित्राचा सल्ला मीही एकदा मानला होता. ऑफिस-इमारतींच्या एका ट्रस्टचे युनिट मी केवळ मोठं वाटप बघून घेतले. पुढे वाटप निम्म्यावर आलं आणि भाव त्याआधीच कोसळला होता. कुठले भाडेकरार कधी संपतात, हे सगळं त्यांच्या अहवालात छापलेलं होतं. मी तो उघडला नव्हता. मोठ्या नावांनीही वाटप कापलंय. एच अँड आर या रीटने मे 2020 मध्ये ते निम्मं केलं, आणि तुमच्या यादीतल्या रायोकॅनने 2021 च्या सुरुवातीला दरमहा 12 सेंटचे 8 सेंट केले. पाच वर्षांच्या तक्त्यात ही कात्री धड दिसतही नाही. म्हणून दहा वर्षं मागे जा.

आता कर्ज. समजा, एका इमारतीचं वर्षाचं निव्वळ भाडं 5 लाख डॉलर आहे. खरेदीदार 5 टक्के परताव्यावर खूश असतील तर तिची किंमत 1 कोटी होते. त्यांनी 6 टक्के मागितले तर तीच इमारत 83 लाखांची. तिच्यावर 50 लाखांचं कर्ज असेल तर मालकाचा 50 लाखांचा वाटा 33 लाखांवर येतो, आणि भाडेकरू एकही हललेला नसतो. बँक ऑफ कॅनडा या मध्यवर्ती बँकेचा दर मार्च 2022 च्या सुरुवातीला 0.25 टक्के होता, जुलै 2023 मध्ये 5 टक्के झाला. दर चढला की खरेदीदार जास्त परतावा मागतात. त्या काळात बहुतेक रीट का घसरले, ते या हिशेबात आहे. तेव्हा कोणाचं किती कर्ज कुठल्या वर्षी नव्या दराने घ्यावं लागणार, तो तक्ता शोधून वाचा. घरं भाड्याने देणाऱ्या रीटना इथे थोडा आधार असतो, कारण सीएमएचसी या सरकारी गृहकर्ज-विमा संस्थेच्या विम्यामुळे त्यांना कर्ज स्वस्त मिळतं.

तुमच्या तिघांबद्दल. कॅपरीट म्हणजे भाड्याची घरं. ऑन्टारियोत 2023 ते 2025 या तिन्ही वर्षी भाडेवाढीची मर्यादा 2.5 टक्के होती. 15 नोव्हेंबर 2018 नंतर प्रथम वापरात आलेली घरं तिच्याबाहेर. भाडेकरू घर सोडून गेला की नवं भाडं बाजाराप्रमाणे लावता येतं, आणि जुन्या इमारतींची कमाई बरीचशी तिथून वाढते. पण 2024 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर मर्यादा आली आणि नवीन भाडी नरमली, म्हणून हा फायदा आटतोय. रायोकॅन दुकानांचा. तिथे किराणा आणि औषधांची दुकानं किती, हे मोजा. 1670 पासूनची हडसन्स बे ही दुकानांची साखळी 2025 मध्ये बंद पडली, आणि रायोकॅनची तिच्याशी भागीदारी होती. ग्रॅनाइट हा मॅग्ना या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यांतून वेगळा झाला. आज मुख्यतः गोदामं, त्यातली बरीच अमेरिकेत आणि युरोपात.

तुमची नोकरी टोरांटो परिसरातच असेल असं धरते; घर तर इथलंच आहे. सगळा भार एकाच गावावर नको, म्हणून तुमच्या जागी मी असते तर ग्रॅनाइट आधी घेतला असता, कॅपरीट थोडा थोडा करून, आणि रायोकॅन सगळ्यात कमी. अल्बर्टातला बोर्डवॉक हा भाड्याच्या घरांचा रीटही तक्त्यात घाला. तिथे भाडेवाढीला मर्यादा नाही. मात्र तेलाचे भाव पडल्यावर त्यांनाही 2017 मध्ये वाटप निम्म्याहून कमी करावं लागलं होतं, हे विसरू नका.

हे युनिट टीएफएसएमध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, ठेवा. बाहेर ठेवलेत तर वाटपाचा मोठा भाग पगारासारखा पूर्ण दराने करपात्र होतो. शिवाय टी3 या ट्रस्टकडून येणाऱ्या कर-पत्रकाच्या 42 व्या रकान्यातली रक्कम खरेदीकिमतीतून दर वर्षी वजा करत बसावं लागतं. बरेच जण ते विसरतात आणि विकताना अडचणीत येतात. टीएफएसएची जागा (किती रक्कम भरता येते ती मर्यादा) मोजताना आपली माणसं एक चूक नेहमी करतात : 2009 पासून मोजतात. तुमची 2014 पासून, म्हणजे तुम्ही इथले रहिवासी झालात त्या वर्षापासून. जास्त भरलेल्या रकमेवर दरमहा 1 टक्का दंड लागतो. बायकोची जागा वेगळी, तिचं खातं रिकामं असेल तर तिथून सुरुवात करा.

नवा तक्ता केलात की पाठवा. कर्जाच्या मुदतीचा रकाना मी सगळ्यात आधी वाचेन.