सगळ्या कॉलनी निळ्याच आल्या, मग लॅब सोडू का?

प्रश्न: मी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीबीआर३२२ या प्लास्मिडचा (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्याचा) नकाशा तोंडपाठ आहे, पण क्लोनिंगच्या, म्हणजे प्लास्मिडमध्ये डीएनएचा तुकडा बसवून तो जिवाणूत वाढवण्याच्या प्रॅक्टिकलला पीयूसी१९ हे प्लास्मिड दिलं होतं, तेव्हा माझ्या प्लेटवर सगळ्या कॉलनी निळ्या आल्या. मैत्रिणीच्या प्लेटवर पांढऱ्याही होत्या. बाबा म्हणतात, हा नाद सोड आणि बँकेच्या परीक्षा दे. माझा हात लॅबसाठी नाहीच का? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: अगं, निळी प्लेट वाया गेलेली नसते. माध्यमात अँपिसिलिन हे प्रतिजैविक असूनही जिवाणू वाढले, म्हणजे प्लास्मिड आत शिरलं आणि त्यावरचं प्रतिकाराचं जनुक कामाला लागलं. कॅल्शियम क्लोराइडने तयार केलेल्या पेशी चांगल्या होत्या, प्लास्मिड आत शिरावं म्हणून दिलेला ४२ अंशांचा हीट शॉकही नीट बसला. हे तुझ्याच हातून झालं ना?

बिघडलं ते त्याच्या आधी. आपला डीएनएचा तुकडा प्लास्मिडवरच्या लॅक-झेड जनुकात बसला की ते जनुक तुटतं, माध्यमातल्या एक्स-गॅल या रसायनापासून निळा रंग बनत नाही आणि कॉलनी पांढरी राहते. तुझ्याकडे जनुक अखंड राहिलं. एक तर एन्झाइमने प्लास्मिड पुरतं कापलं नाही, किंवा कापलेली टोकं तुझा तुकडा बसण्याआधीच एकमेकांना चिकटली. एकट्या इकोआरवन या कापणाऱ्या एन्झाइमने कापलं असेल तर दोन्ही टोकं जुळणारी असतात, लायगेज हे जोडणारं एन्झाइम ती बिनदिक्कत जोडून टाकतं. म्हणून दोन वेगळी एन्झाइम वापरतात, नाहीतर फॉस्फेटेज या एन्झाइमने टोकांवरचे फॉस्फेट काढून घेतात. नेमकं कारण कंट्रोल प्लेट, म्हणजे तुलनेसाठी लावलेली प्लेट सांगते. कापलेलं प्लास्मिड लायगेज न घालता पेशींत सोड. तिथेही भरपूर कॉलनी आल्या, तर कापणीच अर्धवट होती. पत्रात कंट्रोलचा एक शब्दही नाही, आणि मला खटकलं ते तेवढंच.

मैत्रिणीच्या पांढऱ्या कॉलनीही एकदा नीट बघ. प्लेट इन्क्युबेटरमध्ये जास्त वेळ राहिली की मोठ्या कॉलनीभोवती बारीक, फिकट ठिपक्यांची रांगोळी उमटते. मोठ्या कॉलनीतून बाहेर पडणारं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम आसपासचं अँपिसिलिन संपवतं आणि प्लास्मिड नसलेले जिवाणूही तिथे डोकं वर काढतात. दिसायला पांढऱ्या, पोटात काही नाही! प्लास्मिड काढून, कापून, जेलवर तुकडा दिसल्याशिवाय कोणाचंच क्लोनिंग झालं असं मी मानत नाही.

एवढं लांबण लावलं, कारण मुलाखतीत हेच विचारतात. नकाशा सगळ्यांनाच पाठ असतो. ‘प्रयोग फसला तर आधी काय तपासशील?’ म्हटलं की बरेच जण गप्प बसतात.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. नुसत्या बी.एस्सी.वर संशोधनाचं काम मिळणं अवघड, मिळतं ते बहुधा क्वालिटी कंट्रोलमधलं किंवा तंत्रज्ञाचं. तेव्हा एम.एस्सी. धरूनच हिशेब मांडा. एम.एस्सी. प्रवेशासाठी गॅट-बी ही परीक्षा दे आणि आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपरही दे. गॅट-बीतून मिळणाऱ्या जागांना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं विद्यावेतन असतं, हे घरी आवर्जून सांग. बँकेच्या अधिकारी पदाच्या परीक्षेला साधारण ३० वर्षांपर्यंत बसता येतं, ती वाट दोन वर्षांत बंद होत नाही.

आणि घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर बाबांना ती बाटली दाखव. १९७८ साली मानवी इन्सुलिन प्लास्मिडच्या मदतीने ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेतलं गेलं, १९८२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. अहमदाबादच्या झायडस या औषध कंपनीच्या झायकोव्ह-डी या कोविडच्या लशीत तर प्लास्मिड हीच लस आहे. २०२१ साली तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. अशी लस बनवायची तर प्लास्मिड वाढवणं, शुद्ध करणं, तपासणं हा कारखान्यातला रोजचा धंदा असतो.

सरांकडे प्रॅक्टिकल पुन्हा करायची परवानगी माग. या वेळी तीन कंट्रोल लाव: अखंड प्लास्मिड, लायगेज न घातलेलं कापलेलं प्लास्मिड आणि डीएनएच न घातलेल्या पेशी. जर्नलमध्ये निळ्या प्लेटचा फोटोही चिकटव, खोडू नकोस. तिन्ही प्लेटवर किती कॉलनी आल्या ते मला कळव.