टास्मानियातील न फळणारे झुडूप

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील ‘किंग्ज लोमॅटिया’ हे झुडूप ४३ हजार वर्षांहून जुने असल्याचे वाचले. एखादे झुडूप इतके कसे जगेल? त्याला बीच धरत नसेल, तर बागेत ते वाढवतात तरी कसे?

उत्तर : नैऋत्य टास्मानियात कथिलाच्या खाणकामावर गुजराण करणारे आणि वनस्पतींची उत्तम जाण असलेले डेनी किंग यांना हे झुडूप १९३४ मध्ये प्रथम दिसले. पुढे १९६५ मध्ये त्यांनाच ते दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सापडले आणि १९६७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विनिफ्रेड कर्टिस यांनी त्याचे ‘लोमॅटिया टास्मानिका’ असे शास्त्रीय नामकरण केले.

त्याची पाने चकचकीत व पिसासारखी विभागलेली असतात आणि फुले लाल असतात; मात्र फुलोरा येऊनही फळ धरल्याचे आजवर आढळलेले नाही. याचे कारण त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत आणि बी धरण्यासाठी त्यांची सारखी वाटणी होऊ शकत नाही. आपण खातो ती केळी बहुतांशी अशीच त्रिगुणित असल्याने बिनबियांची असतात आणि मुनव्यांपासून लावली जातात. येथेही नवा कोंब जुन्या झाडापासूनच फुटतो. त्यामुळे सुमारे सव्वा किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेली काहीशे झुडपे जनुकीयदृष्ट्या एकच आहेत.

वयाबाबत मात्र एक भेद ध्यानात ठेवायला हवा. आज उभे असलेले कोणतेही खोड तेवढे जुने नाही. या पट्ट्यापासून काही किलोमीटरवर सापडलेल्या पानांच्या अवशेषांचे वय कार्बन-पद्धतीने किमान ४३,६०० वर्षे ठरले. ती पाने आजच्या पानांशी तंतोतंत जुळतात, म्हणून वंध्य असलेला हाच वंश तेव्हापासून टिकून असावा, असे अनुमान काढले जाते. मला ते सयुक्तिक वाटते, पण ते अनुमानच आहे.

होबार्ट येथील रॉयल टास्मानियन बोटॅनिकल गार्डन्समध्ये छाटकलमांपासून याची रोपे केली जातात. लोमॅटियाच्याच दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम बांधण्याचेही प्रयत्न झाले आहेत. ही जोपासना अत्यावश्यक आहे, कारण मूळ ठिकाणी वणव्याचे आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या मूळकुजीचे भय आहे. विदर्भातील संत्रा बागायतदार याच गटातील रोगकारकांमुळे होणारा डिंक्या रोग ओळखतात. बियांपासून वाढणाऱ्या जातीत एखादे रोप तरी रोगाला पुरून उरण्याची आशा असते. येथे सगळी रोपे एकाच घडणीची असल्याने ती आशा फार थोडी. म्हणून उद्यानातील कलमांमुळे वणव्यापासून वंश वाचू शकेल, परंतु रोगाविरुद्धची अंगभूत ताकद त्यांनी वाढणार नाही.