'नागरी समाज' म्हणावं की आणखी काही? बाल्कनवरचा लेख मराठीत आणताना

प्रश्न : सर्बिया, बोस्निया आणि कोसोव्होतल्या लोकचळवळींवरचा एक इंग्रजी लेख मी मराठीत करतो आहे. त्यात 'सिव्हिल सोसायटी', म्हणजे सरकार आणि पक्षांबाहेर एकत्र येऊन काम करणारे लोक आणि संस्था, पानोपानी येते. शोधल्यावर 'नागरी समाज' आणि 'सभ्य समाज' असे दोन प्रतिशब्द मिळाले. कोणता घ्यावा? शिवाय 'एड अकाउंटेबिलिटी'ला 'मदतीचे उत्तरदायित्व' चालेल का?

उत्तर : 'सभ्य समाज' आधी बाजूला काढू. मुळात सभ्य म्हणजे सभेत बसण्याजोगा. गुजरातीत आजही सभासदाला सभ्यच म्हणतात. त्या अर्थाने शब्द वाईट नव्हता. पण मराठीत सभ्य माणूस म्हणजे आवाज न चढवणारा, रांग न मोडणारा. शिट्ट्या फुंकत सर्बियाच्या राजधानीतला, बेलग्रेडचा, चौक अडवून बसलेल्या पोरांना 'सभ्य समाज' म्हटलं तर वाचक चक्रावेल, आणि बाकीचे सगळे आपोआप असभ्य ठरतील ते निराळंच.

'नागरी समाज' रुळलेला आहे. २०११ साली लोकपाल आंदोलनाच्या काळात सरळ 'सिव्हिल सोसायटी' छापलं जायचं, नाहीतर हा. त्याची खोड अशी की मराठीत नागरी म्हणजे बहुतेक वेळा शहरी : नागरी सहकारी बँक, नागरी वस्ती, नागरी सुविधा. 'नागरी समाज' वाचून शहरातले लोक डोळ्यांपुढे येतात. हीच खोड तिकडच्या भाषांनाही आहे. सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन या भावंडभाषांत नागरिक म्हणजे 'ग्राजानिन', तो 'ग्राद' म्हणजे शहर या शब्दावरून आला. 'ग्राजान्स्को द्रुश्त्वो' म्हटलं की त्याला बूर्झ्वा, पांढरपेशा असाही वास येतो; म्हणून अनेकजण उसना 'त्सिव्हिल्नो द्रुश्त्वो' वापरतात. अल्बेनियनमध्येही नागरिकाचा शब्द शहरावरूनच केलेला आहे.

हा वास नुसता व्युत्पत्तीत राहत नाही, राजकारणात उतरतो. बेलग्रेडमध्ये दोन नंबरची ट्राम शहराच्या जुन्या मध्यवस्तीला वळसा घालते. त्या वळशाच्या आत राहणारे, म्हणजे शिकलेले, युरोपकडे डोळे लावलेले, देशाच्या खऱ्या दुःखाशी देणंघेणं नसलेले, अशी हेटाळणी करायला 'क्रूग द्वोय्के', दोन नंबरचं वर्तुळ, हा शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे 'सदाशिवपेठी' म्हणताना ओठ जसे वाकडे होतात तसंच. तेव्हा 'नागरी समाज' लिहिलंत, तर नकळत तुम्ही त्या हेटाळणी करणाऱ्यांच्या हाती कोलीत दिलंत. निदान 'नागरिक समाज' लिहा. एका अक्षराचा फरक वाटेल, पण वाचक शहराकडे न जाता माणसांकडे जातो.

पण खरं सांगायचं तर एकच शब्द लेखभर चालवू नका. तिथला अर्धा वाद 'सिव्हिल सोसायटी म्हणजे नक्की कोण' हाच आहे. बोस्नियातलं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर तिथे परदेशी निधीचा ओघ सुरू झाला. संस्था उभ्या राहिल्या. पुष्कळांनी निष्ठेने काम केलं, पण देणारे ज्या विषयाला पैसे देतील तो विषय संस्थेचा, असंही झालं. अहवालांच्या भाषेत या संस्थांचं मिळून नाव पडलं सिव्हिल सोसायटी. सर्बियात बोलीत अशा संस्थेतल्या माणसाला 'बिगरसरकारी संस्था' या शब्दांच्या तिथल्या आद्याक्षरांवरून 'एनव्हेओवात्स' म्हणतात. आपल्या 'एनजीओवाल्या'पेक्षा तो शब्द जास्त बोचरा आहे, कारण १९९० च्या दशकात सर्बियावर राज्य करणाऱ्या मिलोशेविचच्या काळापासून त्याच्या शेजारी 'स्त्रानी प्लाचेनित्सी', परकीयांचे भाडोत्री, हे विशेषण बसलेलं असतं.

अशा ठिकाणी मूळ लेखात 'सिव्हिल सोसायटी' असलं तरी सरळ 'बिगरसरकारी संस्था' लिहा. 'स्वयंसेवी' नको, पगारी माणसं असलेल्या संस्थेला स्वयंसेवी म्हणायची आपली सवय इथे दिशाभूल करेल. सर्बियन कायद्यात या संस्थांचं जुनं नाव 'उद्रुझेन्ये ग्राजाना' आहे, शब्दशः नागरिकांची संघटना. माझ्या मते मराठीला तोच सर्वांत सोयीचा. नाहीतरी सगळ्याच संस्था परदेशी पैशावर चालत नाहीत. सरकारी तिजोरीतून वाटलं जाणारं अनुदान लाटायला ऐनवेळी जन्मलेल्या संस्थांना तिकडे 'फँटम' म्हणतात. त्यांना 'भुताटकी संस्था' करू नका; 'कागदावरच्या संस्था' हा आपला शब्द तयार आहे.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०१४ मध्ये बोस्नियातल्या तुझला शहरात खासगीकरणात बुडालेल्या कारखान्यांचे कामगार रस्त्यावर आले. सरकारी इमारती पेटल्या, प्रांतिक सरकारने राजीनामा दिला, आणि मग लोक सभागृहात जमून मागण्या ठरवू लागले. या सभांना ते 'प्लेनुम' म्हणत. कोणीही यावं, बोलावं, हात वर करून मत द्यावं. ना नोंदणी, ना निधी. त्यांच्या मागण्यांत 'बिएली ह्लेब', पांढरा पाव, बंद करण्याची मागणी होती. पद गेल्यावरही वर्षभरापर्यंत पुढाऱ्यांना मिळत राहणाऱ्या पगाराचं हे नाव. तुझलाच्या प्रांतात ती सवलत रद्द झालीही. इथे 'पांढरा पाव' तसाच ठेवा आणि एका वाक्यात उलगडा. 'पदोत्तर वेतन' लिहिलंत की त्यातला राग मरतो.

सर्बियातही तेच. १ नोव्हेंबर २०२४ ला नोव्ही साद रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वारावरचं काँक्रीटचं छत कोसळलं. मृतांचा आकडा पुढे १६ वर गेला. त्याच वर्षी नूतनीकरण होऊन खुलं झालेलं स्थानक. विद्यापीठं बंद पाडणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपले निर्णय प्लेनुममध्येच घेतले, पुढारी नेमला नाही, पक्षांना आणि बिगरसरकारी संस्थांनाही हातभर लांब ठेवलं. मार्च २०२५ पासून त्यांनी गावोगाव लोकांना 'झ्बोर' भरवायला सांगितलं. झ्बोर हा स्थानिक स्वराज्याच्या कायद्यातला नागरिक-सभेचा प्रकार, इतके दिवस कागदावर झोपलेला. मराठीत 'ग्रामसभा' जवळची आहे, पण झ्बोर बेलग्रेडच्या वस्त्यांतही भरले, म्हणून 'नागरिकसभा' बरी. या लोकांना बिगरसरकारी संस्थांच्या रांगेत बसवलंत तर ते स्वतःच उठून जातील.

कोसोव्होपुरतं आणखी एक. १९९० च्या दशकात, कोसोव्हो सर्बियाच्या ताब्यात असताना, तिथल्या बहुसंख्य अल्बेनियन समाजाच्या मुलांना सरकारी शाळांतून बाहेर काढलं गेलं, तेव्हा वर्ग लोकांच्या घरांत भरले. दवाखाने १९९० साली निघालेल्या 'मदर तेरेसा' नावाच्या मदत-संस्थेने चालवले. कोलकात्यामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मदर तेरेसा आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोपयेत अल्बेनियन घरात जन्मल्या, ते नाव इथे असं पोहोचलं. खर्चासाठी लोक आणि परदेशी गेलेले नातलग मिळकतीचे ३ टक्के देत. याला अभ्यासक 'पॅरलल सोसायटी' म्हणतात. 'समांतर समाज' कोरडं वाटतं, 'लोकांनी चालवलेला समांतर कारभार' म्हटलं तर कळतं. १९९९ नंतर संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन आणि देणगीदार आले, आणि शब्दसंग्रह रातोरात बदलला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. 'मदतीचे उत्तरदायित्व' व्याकरणाने शुद्ध आहे, अर्थाने आंधळं. कोण कोणाला उत्तर देणार ते त्यात दिसत नाही. सर्बियनमध्ये यासाठी 'ओदगोव्होर्नोस्त' आहे. 'ओदगोव्होर' म्हणजे उत्तर, म्हणजे आपल्या 'जबाबदारी'सारखाच घडलेला, आणि तिच्यासारखाच कर्तव्याच्या अर्थाकडे घरंगळलेला. अल्बेनियन 'ल्लोगारिधेनिए' मात्र स्पष्ट बोलतो : हिशोब देणं. मराठीकडे सुदैवाने दोन्ही क्रियापदं आहेत आणि त्यांची दिशा वेगळी आहे. पैसे देणाऱ्याला आपण हिशोब देतो. ज्यांच्या नावाने पैसे आले ते आपल्याला जाब विचारतात.

बाल्कनमधल्या मदतीचं दुखणं याच फटीत आहे. ब्रसेल्स आणि वॉशिंग्टनला इंग्रजीत त्रैमासिक हिशोब गेला. तुझलातल्या कामगाराला जाब विचारायला खिडकीच नव्हती. त्यामुळे मूळ लेखात तो शब्द येईल तिथे थांबून पाहा. देणगीदार समोर असेल तर 'हिशोब देणे', लोक समोर असतील तर 'जाब देणे', दोघेही असतील तर दोन्ही लिहा, वाक्य लांबलं तरी चालेल. सर्बियातल्या विद्यार्थ्यांची पहिली मागणी नोव्ही साद स्थानकाच्या नूतनीकरणाची सगळी कागदपत्रं जाहीर करा ही होती. तिला 'उत्तरदायित्वाची मागणी' म्हणणं म्हणजे पाणी ओतणं.

लेखात 'श्रिंकिंग सिव्हिक स्पेस', म्हणजे लोकांना बोलायला आणि एकत्र यायला उरलेली जागा कमी होणं, येईलच. 'नागरी अवकाश आक्रसतो आहे' असं कृपा करून लिहू नका. कोणावर काय बंधन आलं ते लिहा. उदाहरणार्थ, अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यावर साधारण महिन्याभराने, २५ फेब्रुवारी २०२५ ला, बेलग्रेडमध्ये निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या 'त्सर्ता'सह काही संस्थांच्या कचेऱ्यांत पोलीस शिरले. कारण दिलं, अमेरिकन निधीच्या गैरवापराचा संशय. त्याच महिन्यात बोस्नियातल्या 'रेपुब्लिका स्र्प्स्का' या सर्बबहुल भागाच्या विधिमंडळाने परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांची वेगळी नोंदवही ठेवण्याचा कायदा केला. विरोधकांनी त्याला 'फॉरेन एजंट कायदा' म्हटलं. इथे 'एजंट'चं मराठी 'प्रतिनिधी' केलंत तर डंख जातो, कारण त्यात दूषण उरत नाही. 'हस्तक' घ्या, पण तो विरोधकांच्या तोंडी ठेवा. कायद्याचा उल्लेख स्वतःच्या निवेदनात करताना 'ना-नफा संस्थांच्या विशेष नोंदवहीचा कायदा' असंच लिहा.