रेडिओ जाहिरातीचा चेक बाउन्स झालाय, पण ते साठ हजार कशाचे होते?

नाशिकहून एका भाऊंचा मेल आलाय. झाडांची छाटणी, धोकादायक फांद्या उतरवणं, नारळ साफ करणं असा छोटा धंदा आहे, चार माणसं, दोन चेनसॉ आणि लागेल तशी भाड्याची क्रेन. पावसाआधी गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून मे महिन्यात एका एजन्सीमार्फत एफएमवर जाहिरात लावली, ३० दिवस, रोज २० सेकंदांचे १० स्पॉट. तोंडी ठरलं सकाळी सात ते अकरा, वाजली बहुतेक रात्री अकरानंतर, फोन आले मोजून नऊ. १० सेकंदाला २५० रुपये रेट, दीड लाख आणि जीएसटी मिळून १,७७,००० चा चेक आरओवर (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरातीच्या ऑर्डरचा कागद) सही करतानाच देऊन ठेवलेला, तारीख न टाकता, "सिक्युरिटी म्हणून". एजन्सीने तो २५ ऑगस्टला लावला, भाऊंनी आधीच स्टॉप पेमेंट केलेलं, चेक परत. ९ सप्टेंबरला वकिलाची नोटीस घरी आली. प्रश्न असा की ग्राहक मंचात एजन्सीवर केस टाकता येईल का.

असे मेल मला दर महिन्याला येतात, कधी पेपरची जाहिरात असते, कधी होर्डिंग, कधी केबलवरची पट्टी, आणि प्रत्येकाला उलटी केस टाकायची असते. भाऊ, तुमच्या मेलमधली महत्त्वाची गोष्ट ती नाहीच. ती तुम्ही अगदी शेवटी, फोन नंबरच्या वर एका ओळीत लिहिली आहे: "मी २० जूनला साठ हजार जीपे केले होते तरी पूर्ण चेक टाकला." तुमची सगळी केस या ओळीवर उभी आहे आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत, बचाव म्हणून नाही.

का ते सांगतो. चेक बाउन्सचा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा गुन्हा होतो तो चेकवरची रक्कम कायद्याने खरोखर देणं असेल तर. चेक दिल्यावर आणि तो बँकेत लावण्याआधी तुम्ही त्यातले काही पैसे चुकते केले असतील, तर समोरच्याने ती रक्कम चेकवर नोंदवून फक्त उरलेल्यासाठी तो लावायला हवा. तसं न करता अख्खा चेक लावला तर त्या दिवशी तेवढं देणंच नव्हतं, म्हणून १३८ लागत नाही. हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये दशरथभाई पटेल विरुद्ध हितेश पटेल या निकालात स्पष्ट सांगितलंय, आणि तिथेही चेक सिक्युरिटीचाच होता. तुमचे साठ हजार या १,७७,००० पैकी असतील तर २५ ऑगस्टला देणं जास्तीत जास्त १,१७,००० होतं. आणि नोटीस मागते १,७७,०००.

आता "असतील तर" वर या. साठ हजार कुठे गेले? कंपनीच्या खात्यात की त्यांच्या सेल्सवाल्या पोराच्या नंबरवर? मेलमध्ये तुम्ही "एजन्सीला दिले" म्हणता आणि पुढच्याच वाक्यात "राहुलच्या नंबरवर टाकले" असंही लिहिलंय (नाव मी बदललंय). राहुल नोकरी सोडून गेला असेल तर एजन्सी सरळ म्हणेल आम्हाला मिळालेच नाहीत. किंवा म्हणेल मिळाले, पण ते जिंगल बनवण्याचे, आवाजाचे, स्टुडिओचे, स्पॉटच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. जीपे करताना नोटमध्ये काय लिहिलंत? त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर "रिसीव्हड, बॅलन्स १,१७" असं काही आलं का? जिंगलचं वेगळं बिल कधी आलं होतं का? आरओमध्ये प्रॉडक्शनचा खर्च धरलाय की वेगळा? हे चार कागद एका पारड्यात आणि बाकी सगळं दुसऱ्या पारड्यात, रात्री अकराचे स्पॉट धरून.

आणि याला वेळ किती आहे, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, ९ तारीख सोडून मोजा, २४ सप्टेंबरला संपतात. तुम्ही मेल केलाय १८ ला. नऊ दिवस नोटीस कपाटावर पडून होती कारण "भावजयीने सही करून घेतली, मी घेतलीच नाही, मग लागू होते का?" भाऊ, लागू होते असंच धरून चाला. बरोबर पत्त्यावर पोस्टाने पाठवलेलं पाकीट पोचलं असंच कोर्ट धरून चालतं, घरातल्या माणसाने घेतलं म्हणून सुटाल या भरवशावर बसू नका. हा समज कुठून पसरलाय कळत नाही, पण याच्यापायी लोकांचे पंधरा दिवस जाताना मी बघतो आणि मला खरंच राग येतो, कारण त्या पंधरा दिवसांत जे काम दोन पानांत होतं त्यासाठी पुढे चार चार वर्षं तारखांना उभं राहावं लागतं. कायद्यात लिहिलंय की खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा तसं होतं का.

उत्तर दिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण न देणं महागात पडतं. चेकवर सही तुमची म्हटल्यावर देणं होतं हे गृहीत धरलं जातं, नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. रंगप्पा विरुद्ध श्री मोहन, २०१० चा निकाल, त्यात आरोपीने नोटिशीला उत्तरच दिलं नव्हतं हे कोर्टाने त्याच्या विरोधात धरलं. तुम्ही तर एजन्सीलाही कधी काही लेखी दिलेलं नाही, सगळं फोनवर, "राहुल बघतो म्हणाला". म्हणजे साठ हजारांचं आणि रात्रीच्या स्पॉटचं, दोन्हीचं पहिलं लेखी म्हणणं हे नोटिशीचं उत्तरच असणार आहे. ते २२ पर्यंत स्पीड पोस्टने गेलं पाहिजे.

उत्तर छोटं ठेवा. २० जूनला ६०,००० दिले, तारीख आणि व्यवहाराचा नंबर, ते चेकवर नोंदवले नाहीत, म्हणून पूर्ण रकमेची मागणीच चुकीची, ही पहिली गोष्ट. दुसरी, ठरलेल्या वेळेत स्पॉट वाजले नाहीत, स्टेशनचं ब्रॉडकास्ट सर्टिफिकेट तारीख-वेळेसकट द्या. बस. "परिस्थिती वाईट आहे, पुढच्या महिन्यात उरलेले देतो" असलं काहीही लिहू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको.

आणि कागद बघितल्यावर साठ हजार जिंगलचेच निघाले तर? मग माझा सल्ला उलटा आहे, कितीही कडू लागला तरी. २४ च्या आत १,७७,००० भरा, "हक्क राखून, वाद कायम ठेवून" असं लेखी देऊन भरा, आणि वेळेचा वाद नंतर दिवाणी कोर्टात भांडा, त्यासाठी साधारण तीन वर्षं हातात असतात. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंडापर्यंत जाणारी केस रात्रीच्या स्पॉटसाठी अंगावर घेऊ नये. खटला चालू असताना कोर्ट २० टक्क्यांपर्यंत अंतरिम रक्कमही भरायला सांगू शकतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ३५,४०० पर्यंत.

रात्रीच्या स्पॉटबद्दल मी ठाम काही सांगणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत आरओची मागची बाजू नाही. पुढे टाइम बँडच्या रकान्यात सकाळी सहा ते रात्री बारा असं छापलेलं असेल आणि तुम्ही खाली सही केली असेल, तर सकाळी सात ते अकरा हे तुमचं आणि राहुलचं बोलणं, कागद नाही. मागे बारीक अक्षरात अमुक दिवसांत लेखी तक्रार नाही केली तर प्रसारण मान्य समजू असंही बरेचदा असतं. असेल तर दावा कमकुवत होतो, संपतोच असं नाही. ग्राहक मंचाचंही तसंच, धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून दारातच अडवायची शक्यता बरीच आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठीचा धंदा म्हणून वाद घालता येतो पण मी त्याच्या भरवशावर बसणार नाही. आणि काहीही झालं तरी लक्षात घ्या, १३८ मधून सुटलात तरी उरलेल्या १,१७,००० साठी ते दिवाणी दावा लावू शकतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही पण मला राहवत नाही. जाहिरातीची ऑडिओ क्लिप ऐकली. "झाड नको? परवानगीची कटकट नको, एका दिवसात मोकळं!" हे तुम्ही महिनाभर शहराला ऐकवलंत? महापालिका हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि त्या कायद्यात तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यापासून पाडणं नाही, जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्यात येतं. गुलमोहराच्या सगळ्या फांद्या उतरवून खांब उभा ठेवलात तर ती "छाटणी" म्हणून सुटेलच असं समजू नका. परवानगी काढून देणं हीच तर तुमच्यासारख्याची खरी सेवा आहे, सोसायट्यांना अर्ज, फोटो, उद्यान विभागाचे फेरे हे नको असतं, त्याचे पैसे लोक आनंदाने देतात. जाहिरातीत ते सांगायचं सोडून उलटं सांगितलंत. ही क्लिप कुठेही परत वाजवू नका, फेसबुकवर असेल तर काढा, आणि आतापर्यंत विनापरवानगी काही झाडं उतरवली असतील तर ते मेलवर लिहू नका, तुमच्या वकिलाला समोर बसून सांगा.

आज शनिवार आहे. जीपेचा स्क्रीनशॉट पुरत नाही, सोमवारी बँक उघडली की २० जूनच्या नोंदीचं शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या, ज्याच्या खात्यात गेले त्याचं पूर्ण नाव त्यात येतंय का बघा, आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत वकिलाकडे जाऊन बसा. आरओची मागची बाजूही घेऊन जा.