एकाच घरातली दोन भावंडं, मग धाकट्याचंच नाक इतकं का चोंदतं?

वडिलांना लहानपणापासून पहाटेच्या शिंका, आईच्या माहेरी दमा. थोरल्या मुलीला पावसाळ्यात थोड्या शिंका येतात, तेवढंच. धाकटा आठ वर्षांचा: नाक बारमाही बंद, रात्री तोंडाने श्वास, वर्गात पेंग. आईने विचारलं, "आमच्याच रक्तातून आलंय ना? मग औषधाने काय होणार? जीन टेस्ट करून घेऊ का?"

नाकाची ही ॲलर्जी (ॲलर्जिक ऱ्हायनायटिस) रक्तातून आलीय, हे खरं. आई-वडील दोघांकडे ॲलर्जीचा कल असेल तर तो मुलांत उतरण्याची शक्यता बरीच वाढते. पण उतरतो तो कल. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी निगडित 41 जनुकीय जागा आढळल्या. त्यातल्या बऱ्याच प्रतिकारशक्तीच्या कामाशी जोडलेल्या आहेत आणि एकेकीचा परिणाम अगदी लहान आहे. 'नाक किती चोंदेल' हे सांगणारं एकच जनुक नाही, म्हणून जीन टेस्टवर पैसे घालवू नका, असं त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग भावंडांत फरक का? पत्त्यांची गड्डी एकच असली तरी दोघांच्या हाती पानं वेगळी येतात. शिवाय अगदी सारख्या जुळ्यांतही एकाला त्रास आणि दुसऱ्याला नाही, असं दिसतं.

इथे एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो: तान्हेपणी गालांवर, कोपराच्या खोबणीत कोरडे, खाजरे चट्टे, म्हणजे इसब, होते का? धाकट्याला होते, मुलीला नव्हते. काही मुलांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो आणि त्वचेचं कवच कच्चं राहतं. त्यातून ॲलर्जीकारक घटक आत शिरतात, शरीर त्यांना शत्रू ठरवतं आणि पुढे नाक, कधी छातीही, त्यांच्याविरुद्ध पेटून उठते. धाकट्यात हा दोष असेलच असं नाही, पण इसब होऊन गेलेल्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आता तीव्रता. आठवड्यात 4 किंवा जास्त दिवस आणि सलग 4 आठवड्यांहून अधिक त्रास, म्हणजे सततचा. झोप किंवा शाळा बिघडली, म्हणजे मध्यम ते तीव्र. धाकटा दोन्हींत बसत होता.

घरची चौकशी केल्यावर कारणं दिसू लागली. त्याची जुनी कापसाची गादी ओल आलेल्या भिंतीला टेकलेली; दमट गादी म्हणजे धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचं माहेरघर. नाक मोकळं करणारे थेंब तीन आठवडे चालू होते. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे घातले की उलट नाक जास्त चोंदतं. स्टिरॉइडचा स्प्रे होता, पण नाक बंद झालं तरच, आणि तोही सरळ मधल्या पडद्यावर मारलेला.

डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब बंद झाले. स्प्रे रोज. आधी नाक हलकेच शिंकरायचं, मान जराशी पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक त्याच बाजूच्या कानाकडे. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागू शकतात; पुष्कळ पालक चौथ्या दिवशीच कंटाळून थांबतात. पलंग भिंतीपासून सरकवला, गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घातली, चादरी आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात.

दीड महिन्याने तो रात्री झोपू लागला. सकाळच्या शिंका अजून आहेत. तेवढ्यावर भागलं नाही तर त्वचेवर टोचून चाचणी करता येते. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. त्यातून किड्यांची ॲलर्जी पक्की झाली तर इम्युनोथेरपी (त्याच ॲलर्जीकारक घटकाची थोडी थोडी मात्रा देऊन शरीराला त्याची सवय लावणारी उपचारपद्धती) आहे, पण ती किमान 3 वर्षं नेटाने चालवायची तयारी हवी.

आईच्या माहेरचा दमा मात्र आम्ही त्याच्या कागदावर ठळक लिहून ठेवला आहे. पळताना खोकला, रात्रीचा कोरडा खोकला किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याची छाती तपासून घ्यायची.